न आलेले वादळ

वादळ येणार नाही, याचे दुःख झालेला गावात एकटा कालोरिबच होता.

उत्तरेच्या उबदार समुद्रावर ढगांचा एक पुंजका गोल फिरू लागला, तेव्हापासून रेडिओवर सांगितलेली त्याची जागा चौकटींच्या नकाशावर टिपणे हे त्याचे काम होते. पुढे त्या पुंजक्याच्या मधोमध वादळाचा डोळा तयार झाला आणि पेन्सिलीचे ठिपके बेटाकडे सरकू लागले. चारचौघांत तोंड न उघडणारा कालोरिब सभाघरात उभा राहिला आणि उद्या दुपारी ते इथे पोचेल, असे म्हणाला. गावाने त्याचा शब्द झेलला. वाऱ्याने मुळासकट उपटू नयेत म्हणून कसाव्याच्या झाडांचे शेंडे छाटले, केळीचे घड हिरवेच उतरवले, छपरे दोरांनी आवळली.

मात्र वाटेत वादळाला थंड पाणी लागले. वरच्या वाऱ्याने त्याचा माथा एकीकडे ढकलला, डोळा मिटला आणि उरला तो दूर समुद्रावरचा पाऊस. चर्चमध्ये गाव डोळे मिटून प्रार्थना करत असताना कालोरिब खिडकीशी उभा राहून मनात म्हणत होता, ये.

तिसऱ्या दिवशी अंगणात केळ्यांचा डोंगर होता. पिकायच्या आत ती किसून, पानांत गुंडाळून, तापल्या दगडांवर त्यांचे लापलाप नावाचे पक्वान्न भाजायचे होते. कुणी म्हणाले, हवामानवाल्याचे वादळ थेट पोटातच शिरले. सारे हसले. मुखियाने त्याची पाठ थोपटली. छाटलेला कसावा पुन्हा फुटतो, म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या.

तो आत्याजवळ, लेइमाराजवळ, किसायला बसला.

"आत्या, ते यावं असं मला वाटत होतं. खोटा ठरू नये म्हणून."

तिचा हात थांबला. "कुणाचं छप्पर उडायला हवं होतं?"

किनाऱ्यालगत पहिले घर तिचेच होते. चर्चच्या खिडकीशी उभा असतानाही ते त्याला ठाऊक होते.

"माझंच ना," ती म्हणाली, आणि पुन्हा किसू लागली. मग हळूच म्हणाली, "हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. पुढच्या वेळी त्यांनी तुझं ऐकायला हवं."

"हो."

"आणि पुढच्या वेळी तो नकाशा माझ्या घरात बसून भरायचा."

त्याने मान हलवली. केळ्याचा चीक बोटांना काळा चिकटला होता. तो त्याने पुसला नाही.