पिशवीतले चेहरे

एमेट कात्रीनं किराण्याच्या कागदी पिशवीला डोळ्यांपुरती भोकं पाडत होता. मैदानाच्या पार्किंगमध्ये त्याच्या गाडीमागे शेगडीवर सॉसेज तडतडत होते. पहिल्या दोन पिशव्यांतली भोकं कपाळावर आली होती.

"ही लायलला दे," डोरीन म्हणाली. "त्याला तसंही काही दिसत नाही."

लायलनं पिशवी घेतली आणि घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली.

शहराचा बेसबॉल संघ, कूपर्स, सलग सहाव्या वर्षी तळाशी होता. मालक व्हर्नन हॅगर्टी हा चिक्कू आहे, यावर शहरात दुमत नव्हतं. त्यानं चेंडू टाकणारा एकुलता एक चांगला डावखुरा, संघाचा पिचर, विकला होता. मैदानातल्या मोहरीच्या सॉसच्या बरण्या काढून माणशी एक पुडी ठेवली होती. मान डोलणाऱ्या बाहुल्या वाटायच्या दिवशी ज्या बाहुल्या वाटल्या, त्यांची मान पक्की बसवलेली होती. स्प्रिंगचा खर्च वाचला होता.

"आज सातव्या डावात सगळं मैदान पाय मोकळे करायला उठून उभं राहिलं की पिशव्या डोक्यावर, असल्या संघाची लाज वाटते म्हणून," एमेटनं सांगितलं. "आणि एकच ओरडा. संघ विकून टाक! तो समोरच्या काचेमागेच बसलेला असतो. ऐकू गेलंच पाहिजे."

"मेल्यानं आपल्या पैशानं कधी कुणाला कॉफी तरी पाजलीय का?" डोरीन म्हणाली.

लायलनं सॉसेज उलटवला. तो आधीच उलटवलेला होता.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोच्या, इर्माच्या, औषधांचं नाव ऐकून विमा कंपनीनं हात वर केले होते. लायलनं घर विकायला काढलं. आठवड्याभरात हॅगर्टीचा फोन आला, स्वतःचा. सगळं बिल त्यानं भरलं. अट एकच घातली. "कुणाला बोलायचं नाही. लोक म्हणतील, एवढे होते तर पिचर का विकलास."

इर्मा आता ठणठणीत होती. सकाळी लायलनं तिला विचारलं होतं, ओरडू की नको. ती कॉफी ओतता ओतता म्हणाली, "माझा जीव वाचवला हे खरं. पण पिचर विकला तो विकलाच." पुढचं तिनं नवऱ्यावर सोडलं.

न ओरडावं, तर एकवीस वर्षं शेजारी बसणारा एमेट विचारणार, का? आणि ओरडावं, तर रोज रात्री इर्माच्या शेजारीच झोपायचं होतं.

सातव्या डावाच्या मध्यावर मैदान उभं राहिलं. एमेटनं पिशवी चढवली. डोरीननं चढवली. लायलनंही चढवली, आणि भोकं डोळ्यांसमोर यावीत म्हणून ती हनुवटीपर्यंत खाली ओढली.

"विकून टाक! विकून टाक!"

आतल्या अंधारात स्वतःच्या श्वासाला कांद्याचा वास येत होता. लायलनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग कुणी पाहतंय का, हे बघायला मान वळवली.

डावीकडे एमेटची पिशवी प्रत्येक ओरडीला तोंडापाशी फुगत होती, आत ओढली जात होती, पुन्हा फुगत होती. उजवीकडे डोरीनची पिशवी. तिचा कागद हलत नव्हता.

डोरीन. जिच्या आवाजानं पंच दचकतात, ती.

दोन वर्षांपूर्वी तिचं घर जळालं होतं. तीन महिन्यांत नवं उभं राहिलं. विम्याचे पैसे आले, असं ती सांगत असे. तीन महिन्यांत विम्याचे पैसे आलेला माणूस या शहरात लायलनं अजून पाहिला नव्हता. पण तेव्हा हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

डोरीनची दोन भोकं त्याच्याकडे वळली. खाली त्याच्या तोंडापाशी गेली. तिथंच थांबली.

"ओरड की रे," कागदातून आवाज आला.

"घसा बसलाय."

भोकं पुन्हा मैदानाकडे वळली.

"माझाही," डोरीन म्हणाली.

खेळ पुन्हा सुरू झाला. एमेटनं पिशवी काढली. चेहरा लालभडक, केस घामानं चिकटलेले. तो खुर्चीत कोसळला.

"ऐकू गेलं असणार," तो धापा टाकत म्हणाला. "आपली रांग सगळ्यात जोरात होती."

आजूबाजूचे लोक पिशव्या चुरगाळून खुर्च्यांखाली टाकत होते. लायलनं आणि डोरीननं मात्र काढल्या नाहीत. आठवा डाव गेला, नववा गेला, कूपर्स हरले, तरी दोघं पिशव्या घालून शेजारी शेजारी बसून राहिली.

एमेट त्यांच्याकडे आदरानं बघत राहिला.

"याला म्हणतात राग," तो म्हणाला.