साधा उजेड

फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला तशी लेक स्वयंपाकघराकडे धावली आणि अंधारात स्टुलाला अडखळून पडता पडता वाचली. सगळ्या खिडक्यांना तिने ब्लँकेटं ठोकली होती, घरातले सगळे दिवे बंद ठेवले होते. फ्रिजमधला तेवढा दिवा राहून गेला होता.

"बंद कर आधी ते!"

"दूध घेतेय बाई, दरोडा नाही घालत," आई म्हणाली.

"हजारदा सांगितलं, उजेड नको म्हणून."

"मग दूध काय वासावरून शोधू?"

लेकीने दार धाडकन लावलं. ही बाई तिचा अंत बघत होती. सकाळी ब्लँकेटची कड उचलताना सापडली, दुपारी मेणबत्ती शोधताना. लहान मूल परवडलं, निदान त्याला दटावता तरी येतं.

आई शिवणकाम करायची. एक डोळा पूर्वीच गेला होता. दुसऱ्या डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली सुजेपायी नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या आणि कापडावर ओढलेली खडूची रेघ तिला मध्येच वळलेली दिसायला लागली. ती पट्टीला शिव्या घालत राहिली, लेक "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणत राहिली, आणि त्यात बरेच दिवस फुकट गेले. शेवटी इस्पितळात दंडाच्या शिरेतून औषध सोडलं आणि ते डोळ्यात पोचल्यावर त्यावर लेसरचा थंड उजेड धरला. त्या उजेडाने औषध कामाला लागतं आणि ती वाढ बुजवतं, असं डॉक्टर म्हणाले. गुण यायला काही आठवडे लागतील, आणि येईलच अशी खात्री देत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. औषध अंगात असेपर्यंत उन्हाने कातडी भाजते, तेव्हा जपा. त्यापुढचं नर्स सांगत होती, पण तोवर मायलेकी मोठी टोपी घालायची की नाही यावरून भांडायला लागल्या होत्या.

आता आईला दुसऱ्याच कुणीतरी दम द्यावा म्हणून लेकीने इस्पितळात फोन लावला.

"फ्रिजच्या दिव्याने काही होईल का हो? आई ऐकतच नाही. मी सगळा अंधार करून ठेवलाय, तरी..."

"अंधार?" पलीकडून नर्स म्हणाली. "अंधार कुणी सांगितला तुम्हाला? ऊन नको, डोक्यावर प्रखर दिवा नको, एवढंच. घरातला साधा उजेड हवाच. त्याने औषध अंगातून लवकर उतरतं. अंधारात बसवलंत तर ते रेंगाळतं."

लेकीने फोन ठेवला. स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली तिला. एवढी डोळ्यांत तेल घालून राखण केली, ती उलटीच!

आई पलंगाच्या काठावर दूध पीत बसली होती.

"खूश हो," लेक तुटकपणे म्हणाली. "दिवा लावायला सांगितलाय."

आईने पेला खाली ठेवला.

"राहू दे आत्ता."

"राहू दे? सकाळपासून डोकं खाल्लंस माझं!"

"उद्या लाव."

"आई, तुझं नक्की काय चाललंय?"

उत्तराची वाट न बघता लेकीने बटण दाबलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पिवळसर उजेड खोलीभर पसरला. आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. दोन्ही हातांनी चादर मुठीत धरली होती.

"त्रास होतोय का?" लेकीने विचारलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"नाही गं. अंधारात बरं होतं. गुण आला की नाही, ते बघून ठरवावं लागत नव्हतं."

लेकीची दिवसभराची चिडचिड कुठल्या कुठे गेली, आणि तिच्या जागी नुसती भीती उरली.

बऱ्याच वेळाने आईने डोळे उघडले. समोर लेकीकडे बघितलं, मान थोडी तिरकी केली, पुन्हा बघितलं.

"अशी वाकडी काय उभी आहेस?" ती म्हणाली. "नीट उभी राहा की."

लेकीची पाठ चौकटीला चिकटलेली होती. टाचाही. तोंडाशी आलेलं उत्तर तिने गिळलं. जागची तसूभरही न हलता तिने चपला फरशीवर उगाच घासल्या.

"आता?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने चादर सोडली आणि मांडीवरच्या चुण्या हाताने सारख्या केल्या.

"हं," ती म्हणाली. "आता कशी सरळ दिसतेस."