गौराबाईची जिती तसबीर

पूर्णा जंक्शनच्या बाजारात धोंडप्पा फोटोवाल्याविषयी एक थट्टा ठरलेली होती. धोंडप्पाकडून चांगला फोटो काढून घ्यायचा असेल तर आधी मरावं लागतं, असं लोक म्हणत. थट्टा झोंबणारी होती, पण खोटी नव्हती. लिंगायतांत माणूस लिंगैक्य झाला, म्हणजे वारला, की त्याला आडवा ठेवत नाहीत. न्हाऊ घालून, कपाळभर भस्म लावून, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग देऊन भिंतीशी बसवतात, आणि तसाच बसलेला समाधीत उतरवतात. बसवलेला माणूस पापणी हलवत नाही, खोकत नाही, माशी बसली तरी तोंड वाकडं करत नाही. धोंडप्पाच्या जुन्या कॅमेऱ्याचं भिंग बारीक तोंडाचं. त्यावरची टोपी काढली की चारपाच अंक मोजेपर्यंत ती उघडी ठेवावी लागे, तेव्हा कुठं आतल्या प्लेटवर चेहरा उमटे. मेलेला माणूस तेवढा वेळ देतो. जिता देत नाही. म्हणून चुडाव्यापासून गंगाखेडपर्यंत कुणाच्या घरी मयत झाली की धोंडप्पाला बोलावणं यायचं, आणि लग्न असलं की लोक नांदेडहून दुसऱ्याला आणायचे.

हे दुःख त्याच्या मनात घर करून होतं, आणि त्या घराला दार एकच होतं, नवं सामान. सिकंदराबादेहून जुन्याच्या बदली एक भिंग आलं, तेही बारीक तोंडाचंच निघालं. मग ते तोलायला जाड पायांची तिवई आली. मग उजेड पाडायचं पत्र्याचं तबक आलं, त्यात पूड पेटवायची आणि भक्कन उजेड करायचा. पहिल्याच दिवशी त्यानं ओसरीचं आढं काळं केलं, आणि तबक माळ्यावर गेलं. मग चामड्याची पेटी, का तर आधीच्या पेटीत एवढं सगळं मावेना. कापडाचं दुकान थोरला भाऊ चंद्रप्पा सांभाळत होता. तो भला माणूस, उणंदुणं फार काढायचा नाही. पण पार्सल आलं की गजानं कापड मोजता मोजता मान वर न करता विचारायचा, नवीन सून आली का म्हणून. गिऱ्हाईक हसायचं. धोंडप्पाही हसायचा आणि पार्सल घेऊन माडीवर पळायचा. दोरी तो न तोडता, हलक्या बोटांनी सोडायचा. देवापुढं ती बोटं तशी हलकी कधी झाली नव्हती.

आणि प्रत्येक वेळी तो म्हणायचा, हे मायसाठी हाय.

त्याची माय गौराबाई. नवरा गेल्यापासून तिची मान हलायला लागली होती. सारखी, बारीक, कुणाला तरी नाही-नाही म्हणत असल्यासारखी. बोलताना हलायची, जेवताना हलायची. फक्त पूजेला बसून लिंग हातावर घेतलं आणि त्यावर नजर लावली की थोडा वेळ थांबायची. धोंडप्पानं तिचे फोटो दोनतीनदा काढून पाहिले होते. लुगड्याचे काठ स्वच्छ यायचे, हातातलं लिंग यायचं, आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट ढग. त्यानं त्या प्लेटा कढत पाण्यात खरवडून टाकल्या. लढाईचे दिवस, काच मिळत नव्हती. धुतलेल्या काचा त्यानं माडीच्या खिडकीला बसवल्या.

गौराबाईनं हट्ट असा जन्मात कधी केला नाही. पण ह्या एका गोष्टीचा केला. एका दुपारी धाकट्या सुनेच्या देखत तिनं मुलाला जवळ बसवलं. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता, बसवलेल्या अवस्थेतला. मान पडू नये म्हणून कपाळावरून फडकं घेऊन खुंटीला बांधलेलं. धोंडप्पाचं नाव झालं ते त्याच फोटोनं.

"तुझ्या बापाकडं बघते न धोंडू, तर मला ती खुंटीच दिसती," ती म्हणाली. "जितेपणी त्यांचं तोंड कसं व्हतं ते इसरले मी. माझं तसं करू नको. मला जिती काढ. मेल्यावर बसवलेली काढू नको."

धोंडप्पानं कबूल केलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते खरे होते. पण डोळे पुसता पुसताच त्याच्या मनात आलं, मोठ्या तोंडाचं भिंग असतं तर अंक मोजायची गरजच नाही, टोपी काढली की लावली, मान हलेपर्यंत काम झालेलं असेल. आता ह्यात मायचं बोलणं किती आणि त्या भिंगाची भूक किती, हे त्याचं त्यालाही वेगळं काढता आलं नसतं.

त्याच वर्षी श्रावणात मठात गुरुलिंग स्वामींचं कीर्तन झालं. ज्यांनी ऐकलं ते भाग्यवान. स्वामींचा आवाज असा की मृदंग त्याच्या मागं मागं चालायचा. त्यांनी उत्तररंगात एका भक्ताची गोष्ट लावली. पूजेला बसला, तर फुलं शिळी वाटली म्हणून उठला. फुलं आणली, तर घंटेचा नाद बसका वाटला. घंटा आणली, तर पाट डुगडुगला. सुताराकडून पाट आणीपर्यंत दिवस कलला, आणि पूजेचं लिंग सकाळपासून पाण्याच्या थेंबाविना कोरडं. स्वामी गाता गाता थांबले आणि हळू म्हणाले, "देव वाट बघायलाय, आन् ह्यो बाजारात हिंडायलाय." सगळा मठ हसला. धोंडप्पाची बायको महानंदा हसली नाही. बायकांच्या बाजूनं ती नवऱ्याकडं पाहत राहिली.

धोंडप्पाला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तो मठात गेला, लिंग तळहातावर घेतलं आणि स्वामींसमोर शपथ घेतली, की मायचा फोटो काढीपर्यंत फोटोचं कसलंही सामान विकत घेणार नाही. घरी आला तो हलका होऊन. महानंदानं त्या दिवशी पुरण घातलं. चंद्रप्पानं दुकानातून त्याच्या सदऱ्यासाठी कापड फाडून दिलं.

तीन महिने बरे गेले. मग व्यंकटराव गार्ड भेटला. गाडी पूर्णेला पाणी घेईपर्यंत फलाटावर चहा प्यायचा, आणि त्यालाही फोटोचा नाद होता. त्यानं कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं भिंग काढलं. वाटीएवढं तोंड, आतून जांभळी झाक. धोंडप्पानं ते नुसतं उन्हाकडं धरलं, आणि शपथ होती तिथंच राहिली, फक्त तो तिच्या बाजूनं वाट काढून पुढं गेला. विकत घ्यायचं नाही ना, मग विकत घेतलंच नाही. स्वतःचं जुनं भिंग आणि जाड पायांची तिवई दिली आणि हे घेतलं. अदलाबदल झाली, खरेदी कुठं झाली?

घरी त्यानं हे महानंदाला समजावून सांगितलं.

"लिंगाला बोललेलं कळतं का मनातलं कळतं, एवढंच सांगा," ती म्हणाली, आणि जातं ओढायला बसली.

भिंग तर आलं, पण ते कॅमेऱ्याच्या पुढच्या फळीतल्या भोकात बसेना. त्याला एक पितळी कडं लागतं, त्यात ते फिरवून घट्ट करायचं. ते कडं व्यंकटरावच्या सिकंदराबादेच्या घरी राहिलं होतं. पुढच्या खेपेला आणतो म्हणाला. पण लढाईमुळं गार्डांच्या पाळ्या बदलल्या आणि व्यंकटराव दुसऱ्याच मार्गावर गेला. जुनं भिंगही त्याच्याबरोबर गेलेलं. कॅमेरा माडीवर आंधळा बसून राहिला.

पौषातली एक सकाळ. गौराबाईनं पूजा उरकली, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसली आणि अंगणात कोवळ्या उन्हात पाटावर येऊन बसली. लिंग अजून हातावरच होतं. सुनेला म्हणाली, त्याला बोलाव, आज मान बरी हाय. आणि खरंच, मान जवळजवळ थांबलेली होती. धोंडप्पा कॅमेरा घेऊन धावत खाली आला. सवयीनं आणला त्यानं. चौरंगावर मांडल्यावर गौराबाईला पुढच्या फळीतलं गोल भोक दिसलं.

"ह्याचा तर डोळाच काढलास की रे," ती हसून म्हणाली.

त्यानं तिला कड्याचं सांगितलं. सांगताना तो रंगात आला. हे भिंग कसलं, किती उजेड घेतं, मान हलली तरी कशी फिकीर नाही, सगळं सांगितलं. एक कडं येऊ दे फक्त. गौराबाई ऐकत होती. मग तिनं विचारलं, मी अशीच बसू का जरा. त्याला वाटलं तिला ऊन हवंय. तो तिच्याभोवती हिंडून उजेड कुठून पडतोय ते पाहत राहिला, पुढच्या वेळेसाठी. ती पुष्कळ वेळ बसली. मग तिची मान पुन्हा हलायला लागली आणि महानंदानं तिला धरून आत नेलं.

माघ लागला आणि गौराबाईला सर्दीचं निमित्त झालं. अंथरुणावर फार पडली नाही. एका सकाळी सुनेच्या हातचं दूध घेतलं, शिव शिव म्हणाली आणि गेली.

दुपारपर्यंत तिला ओसरीवर बसवलं. भस्म लावलं, फुलं घातली. कपाळावरून फडकं घेऊन खुंटीला बांधलं. बाहेर भजन सुरू होतं. चंद्रप्पा रडून रडून सुजला होता. तो धोंडप्पाजवळ आला आणि म्हणाला, फोटो काढ. धोंडप्पानं सांगितलं, माय नको म्हणाली होती. चंद्रप्पाला ते ठाऊक नव्हतं. म्हणाला, सगळ्या जिल्ह्याच्या मायांचे फोटो काढलेस, आपलीच तेवढी बिनफोटोची पुरायची का? धोंडप्पा म्हणाला, भिंग बसत नाही. ते ऐकून चंद्रप्पा मागं सरला.

तिथंच संपायला हवं होतं. वाचवायला देवानं त्याला एवढी जागा दिली होती. पण त्याच वेळी ओसरीच्या खांबाआडून उन्हाचा पट्टा सरकत गौराबाईच्या गालावर आला. मान हलत नव्हती. गालावरची प्रत्येक सुरकुती उठून दिसत होती. धोंडप्पाचं काळीज फाटत होतं, आणि त्याच वेळी डोळा म्हणत होता, असा उजेड पुन्हा नाही.

तो आत गेला. महानंदाच्या फणेरपेटीत कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी होती. त्यानं सगळं मेण काढून तळहातावर मळलं, मऊ केलं, भिंगाच्या कडेनं लावलं आणि फळीच्या भोकात दाबलं. भिंग बसलं. असं घट्ट बसलं की कॅमेरा उलटा केला तरी पडलं नसतं. शेजारच्या दुकानातली तिवई मागून आणली, काळं फडकं डोक्यावर घेतलं, टोपी काढली आणि लावली.

तसला फोटो त्यानं उभ्या जन्मात काढला नव्हता. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. फडक्याची वीण दिसत होती, खुंटीवरची भेग दिसत होती. चंद्रप्पानं चौकट करून तो दुकानात गादीमागं लावला. येणारा जाणारा हात जोडायचा आणि म्हणायचा, आता खरा कारागीर झालास धोंडप्पा. नांदेडच्या माणसाला जमणार नाही. थट्टा करणाऱ्यांनी थट्टा सोडली, ते त्याला जास्त लागलं.

महानंदा दुकानात जायची बंद झाली. तिनं त्याला ताडताड बोलावं, अशी त्याची इच्छा होती. ती बोलली नाही. सुतक नसतं लिंगायतांत, घरात सगळं रोजच्यासारखं चालू होतं, भाकरी वेळेवर होत होती. एकदाच, ताट वाढताना, खाली बघत म्हणाली, "मेण तर त्या दिवशीबी घरात व्हतं."

धोंडप्पाचा घास हातातच राहिला. पाटावर बसलेली माय आणि तिच्याभोवती हिंडणारा तो, दोघंही त्याला लख्ख दिसले. बोटभर मेणाचं काम होतं. कडं, कडं करत तो बसला, कारण कडं आलं की सामान पुरं होणार होतं. त्याला सामान पुरं करायचं होतं. माय तर पुरीच होती.

उन्हाळ्यात दुसऱ्या एका गार्डाकडून कागदात गुंडाळलेलं ते पितळी कडं आलं. धोंडप्पानं ते उघडलंही नाही. कॅमेरा, चामड्याची पेटी, माळ्यावरचं तबक, सगळं डोक्यावर घेऊन तो मठात गेला. गुरुलिंग स्वामी मुक्कामाला होते. त्यानं त्यांना शपथेपासून मेणापर्यंत काही न लपवता सांगितलं. स्वामी त्याला रागावले नाहीत. माफही केलं नाही. कोपऱ्याकडं बोट करून ते एवढंच म्हणाले, ठेव तिथं. मग स्वतः उठून त्याला पाण्याचा तांब्या दिला.

तेव्हापासून तो भावाबरोबर दुकानात बसू लागला. गादीमागच्या फोटोकडं पाठ करून गज धरायचा. लोक म्हणू लागले, धोंडप्पाचा नाद सुटला. चंद्रप्पा गावभर सांगत फिरला, मायच्या पुण्याईनं भाऊ सुधारला. महानंदाही हळूहळू त्याच्याशी दोन शब्द जास्त बोलू लागली. धोंडप्पालाही वाटायचं, असेल. आत एवढं रिकामं झालंय, त्याअर्थी गेला असेल.

श्रावणात सप्ताह बसला आणि शेवटच्या दिवशी भर दुपारी स्वामींचं कीर्तन झालं. त्या दिवशी त्यांनी आईचा विषय घेतला होता. नऊ महिन्यांच्या ओझ्यापासून सुरुवात केली आणि लेकराच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या म्हातारीपर्यंत आले. मांडवात डोळ्यांना लावलेल्या पदरांशिवाय काही दिसत नव्हतं. तरणे बापे हुंदके देत होते. चंद्रप्पा भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडत होता. महानंदा रडत होती.

स्वामींनी हात वर केला. मांडवाच्या फटीतून उन्हाची तिरीप त्यांच्या बोटांवर पडली, आणि गालावरून पाण्याचा थेंब ओघळला. धोंडप्पाला वाटलं, हात वेगानं हलतोय, पण वर गेल्यावर निमिषभर थांबतो. तिथं धरायचं. डावीकडून. मोठ्या तोंडाच्या भिंगानंही जमेल का? नाही. त्याला कळीची झडप लागेल, कळ दाबताच उघडून मिटणारी, सिकंदराबादेत मिळते.

मग त्याच्या लक्षात आलं की आपले डोळे कोरडे आहेत.

त्यानं मान खाली घातली. मांडीवर त्याच्याच हाताची बोटं अंगठ्याशी एक एक करून टेकत अंक मोजत होती. त्यानं मूठ मिटली, छातीवरच्या लिंगावर दाबली. काही मागावं तर शब्द येईनात. मागायला तोंड होतं कुठं? शेजारी टाळकरी होता. हातांना काम लागावं म्हणून धोंडप्पानं त्याच्याकडून टाळ मागून घेतले आणि ताल धरला. चंद्रप्पानं डोळे पुसून समाधानानं त्याच्याकडं पाहिलं. पुढचे लोकही वळून पाहू लागले, गौराबाईचा धोंडू भजनाला लागला म्हणून.

ताल बरोबर होता. आणि टाळांच्या दर ठोक्याला तो मनात टोपी काढत होता आणि लावत होता.