कोरड्या उन्हातली छत्री

मी छत्री बोलतेय. काळी, लांब दांड्याची, वाकड्या मुठीची. बोलतेय कसली, कण्हतेय म्हणा.

मला घडवलं ते पाऊस अडवायला. बाबांनी मला विकत घेतलं तेव्हा ते नोकरीत होते. लेक त्यांना बाबा म्हणते म्हणून मीही म्हणते. बरीच वर्षं मी इमानेइतबारे पाऊस अडवला. मग त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या. बाबा म्हणाले, काठी म्हाताऱ्यांना. तेव्हापासून रखरखीत उन्हातही ते मला टेकत निघतात.

शेजारी विचारतात, "आज पाऊस आहे वाटतं?"

"सांगता येत नाही," बाबा म्हणतात.

गंमत म्हणजे पाऊस खरंच आला की मला उघडता येत नाही, उघडलं तर टेकायचं कशावर? आम्ही दोघं मुकाट्यानं एखाद्या आडोशाला थांबतो. हे फक्त आईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात लेक दोन मुलींना घेऊन राहायला आली. ती यायच्या आधी आई म्हणाली होती, "अहो, गुडघ्याचं सांगून टाका तिला."

"मुळीच नाही. इतक्या दिवसांनी पोरगी चार दिवस मजा करायला येतेय. कळलं तर ते चार दिवस दवाखान्याच्या बाकावर जातील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

असं म्हणून त्यांनी माझी मूठ घट्ट धरली.

मग काय विचारता. सकाळी कपडे, दुपारी बाहेर जेवण, संध्याकाळी चपला, पुन्हा बाहेर जेवण. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यांनी, तशी आमची गत. लेक एकेक ड्रेस अंगाला लावून बघायची आणि बाबा दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसायचे, हात माझ्यावर, हनुवटी हातांवर. हॉटेलं तरी तळमजल्यावर असावीत की नाही? चांगलं खायला मिळतं ते नेमकं जिना चढून.

"बाबा, दमलात का?" लेक विचारायची.

"छे, कोपऱ्यावरची दुकानं राहिलीत ना अजून."

मला तर वाटे, यांच्या तोंडाला कोणीतरी कुलूप लावा.

तिसऱ्या दिवशी जेवून बाहेर पडलो तर सर आली. सगळे दारातल्या छपराखाली उभे. लेक हसत म्हणाली, "बघा, बाबांच्या छत्रीला तुम्ही सगळे हसत होतात. द्या हो बाबा इकडे."

"थांबेल आता. नुसती सर आहे."

"द्या तर," म्हणत तिनं मला लाडानं ओढून घेतलं.

बाबा एका अंगाला कलले. आईनं हातातल्या पिशव्या टाकल्या आणि त्यांचा दंड धरला. नव्या बुटांचा खोका डबक्यात पडला.

लेकीनं माझं झिजून बोथट झालेलं टोक पाहिलं. मग बाबांचा गुडघा पाहिला.

"कधीपासून?"

"तू मजा करायला आली होतीस, बाळा," बाबा खाली बघत म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. "कसली मजा, बाबा? माझ्याही पायांचे तुकडे पडलेत. मला तुमच्या घरी नुसतं लोळायचं होतं. पण तुम्ही रोज सकाळी बूट घालून दारात तयार. म्हटलं, यांना हौस आहे, कशाला मोडा."

"आणि मी आपली दोघांच्या हौसेपायी पिशव्या वाहतेय," आई म्हणाली.

लेकीनं बाबांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि मला उघडलं. किती दिवसांनी! दोन काड्या गंजून तुटलेल्या, कापड जागोजागी विरलेलं. धाकटी नात वर बघून म्हणाली, "आजोबा, ही तर गाळणी आहे." बाबा पोट धरून हसले. सगळे भिजतच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी लेक त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, बाबा निमूट गेले. दुपारी सगळे घरी जेवले आणि आडवे झाले. जाताना ती रबरी टोकाची काठी ठेवून गेली. बाबा आता तीच घेऊन फिरतात.

मी दारामागच्या खिळ्यावर आहे. दुरुस्तीबिरुस्ती नको, फार दमलेय. फक्त एक ऐका. तुमच्या घरातलं कोणी कोरड्या उन्हात छत्री घेऊन निघालं, तर आभाळाकडे बघून हसू नका. त्यांच्या पायांकडे बघा.