साखर उतरवणारे गुरुजी

"तीनशे बारा!"

मशीनवरचा आकडा ऐकताच हॉलभर "अरे बापरे" झालं. काठ्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या सावरत साठ-सत्तर म्हातारी माणसं माना उंचावून बघत होती. पुढच्या खुर्चीत बसले होते घड्याळवाले आजोबा. त्यांचं बोट टोचणाऱ्या होत्या आमच्या मोठ्या सिस्टर, निवृत्त होऊन गुरुजींच्या सेवेला लागलेल्या.

टोचण्याआधी गुरुजींनी आजोबांना एक संत्रं दिलं होतं. "स्वतः सोला, एक फोड खा. अंगातली साखर लपून राहता कामा नये!" आता त्यांनी आजोबांचे हात 'भारलेल्या' कोमट पाण्यात बुडवले, पंच्यानं खसाखसा पुसले आणि डोळे मिटून पुकारा केला, "उतर साखरे, उतर!"

सिस्टरांनी दुसरं बोट टोचलं. एकशे अठ्ठेचाळीस.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "डॉक्टरांना सहा वर्षं जमलं नाही, ते सहा मिनिटांत झालं," गुरुजी म्हणाले. "आता सुयांना आणि गोळ्यांना सुट्टी!"

मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारी नर्स. घड्याळवाल्या आजोबांना मधुमेह, रक्तदाब, अशक्त हृदय आणि डाव्या पायाला न भरणारी जखम. एकाला सांभाळावं तर दुसरं डोकं वर काढायचं. आठवड्यातून तीनदा मी ड्रेसिंग करायचे, वजन बघायचे, गोळ्यांची डबी भरून ठेवायचे. इन्सुलिन त्यांची सून टोचायची.

"आजोबा, इन्सुलिन बंद करू नका," मी हात जोडले.

"मोठ्या सिस्टर स्वतः मशीन धरतात. त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?"

मला नर्सिंग शिकवलं ते त्यांनीच. बिचाऱ्या भोळेपणानं फसल्या असतील, असंच मला वाटत होतं.

इन्सुलिन थांबवल्याच्या नवव्या दिवशी आजोबांना उलट्या सुरू झाल्या, जीभ कोरडी पडली, शब्द अडखळू लागले. हॉस्पिटलात साखर निघाली पाचशेच्या वर. पायाची जखम काळी पडली होती. दोन बोटं कापावी लागली.

वॉर्डात सून माझ्यासाठी संत्रं सोलत होती. तिला एकदम गरगरलं. ड्यूटीवरच्या नर्सनं तिचं बोट टोचलं. दोनशे ऐंशी! सुनेच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रडू नका हो. संत्र्याचे हात आहेत ना? साबणानं धुऊन या," नर्स म्हणाली.

धुतल्यावर निघाली अठ्ठ्याण्णव.

'आधी हात धुवायला लाव, मगच टोच. बोटाला गोड लागलेलं असेल तर मशीन खोटं बोलतं.' हे मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. न धुता टोचलं म्हणून एकदा वॉर्डभर माझी खरडपट्टीही काढली होती. म्हणजे त्या फसल्या नव्हत्या.

रविवारी गुरुजींच्या हॉलमध्ये मी पहिल्या खुर्चीत जाऊन बसले. संत्रं सोललं. सिस्टरांनी माझ्याकडे न बघता टोचलं. दोनशे नव्वद.

"बघा, इतक्या तरुणपणी!" गुरुजी हळहळले.

"थांबा. मंत्र नको." मी नळावर साबणानं हात धुऊन आले आणि सगळ्यांसमोर स्वतःचं मशीन लावलं. चौऱ्याण्णव. "मंडळी, मला मधुमेह नाही. साखर होती ती बोटाला लागलेल्या रसात. गुरुजींनी धुतला तो रस. आजोबांचे एकशे अठ्ठेचाळीस आले ते तोवर चालू असलेल्या इन्सुलिनमुळे. गुरुजी, आता तुम्ही सोला संत्रं. बघू तुमची किती चढते!"

गुरुजींना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला. ते बाहेर गेले ते गेलेच.

बोळात मी सिस्टरांना गाठलं. "ताई, तुम्ही?"

"औषधं बंद करा असं मी कधीच म्हटलं नाही."

"ते म्हणत होते, तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या होतात."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तीस वर्षं बेडपॅन उचलली गं. कुणी साधा नमस्कार केला नाही. इथे रांग लावून पाया पडतात."

मला रडू आलं, तेही संतापाचं.

आजोबांना सगळं सांगितलं. पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत ते म्हणाले, "गुरुजी लबाड आहे हे मी ओळखलं असतं. घड्याळं उघडून बघण्यात जन्म गेला माझा. पण सिस्टरांचा हात होता ना, म्हणून हे उघडून बघितलं नाही."

म्हणून सांगते, माणूस कितीही विश्वासाचं असो, त्यानं दाखवलेला चमत्कार उघडून बघा. हात धुऊन पुन्हा मोजा, दुसऱ्या मशीनवर मोजा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका. आणि मलाही उलटे प्रश्न विचारायला संकोच करू नका. मी चुकले असेन, तर ते तुम्हाला कळलंच पाहिजे.