ड्रोन कोण उडवणार

आमच्या इवान्यित्सा गावातल्या लग्नाच्या मोठ्या हॉलच्या मालकाने त्या वसंतात आम्हा सगळ्या शूटिंगवाल्यांना बजावलं, "पाहुण्यांना इजा झाली तर भरपाई देणारा विमा दाखवा, नाहीतर दारातूनच परत फिरा." आदल्या वर्षी कुणाचा तरी दिव्याचा स्टँड एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर कोसळला होता. गावात असला विमा उतरवून देणारी एकच बाई होती, स्टामेंका. आणि ती माझा भागीदार देसिमिर याची घटस्फोट घेतलेली बायको.

"तिच्या दारात मी थुंकायलाही जाणार नाही," देसिमिर म्हणाला. पण लग्नांचा हंगाम तोंडावर आला होता. शेवटी मीच त्याला तिच्या ऑफिसात ओढत नेलं.

आमच्याकडे दंड करायला आलेल्या पोलिसालाही लोक कॉफी विचारतात. तिने विचारली नाही.

"नमस्कार वहिनी," मी म्हणालो.

"वहिनी होते तेव्हा होते, गोयको. कामाचं बोल."

देसिमिर उभाच राहिला. "कॅमेरे, लेन्सा चोरीला गेल्या, फुटल्या, तर भरपाई मिळाली पाहिजे. आणि त्या हॉलवाल्याच्या तोंडावर फेकायला सगळ्यात स्वस्त असेल ते दे. बास."

"स्वस्तातल्यात फक्त हॉलच्या आत झालेली इजा येते. तुमचा ड्रोन अंगणात उडतो. तिथे कुणाच्या डोक्यात पडला तर?"

"तुला कमिशन खायचंय, सरळ सांग ना."

"सूड घ्यायचा असता ना देसिमिर, तर स्वस्तातलाच दिला असता. वर कॉफीही पाजली असती."

मला हसू फुटलं. देसिमिरने माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच अडकलं.

"ड्रोन कोण उडवणार?" तिने विचारलं.

"मी."

"परवाना?"

"गोयकोकडे आहे. म्हणून काय झालं?"

"मग गोयकोच उडवेल. तू हात लावलास आणि काही झालं, तर कंपनी छदाम देणार नाही. तू पितोस."

"अगं, लग्नात नवऱ्यामुलाच्या बापाने पुढे केलेला रकिया दारूचा पेला नाकारला तर तो कॅमेऱ्यासकट मला हाकलेल!"

"मग पी ना. मी कुठे अडवलंय? आयुष्यभर अडवून थकले. फक्त रिमोटपासून लांब राहा."

मी महागातला विमा घ्यायचाच असा हट्ट धरला. देसिमिरने सही केली, पण तिच्या समोरच्या खुर्चीत तो शेवटपर्यंत बसला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तू तिचा माणूस आहेस."

जूनमध्ये डोंगरावरच्या एका गावात लग्न होतं. वधूच्या अंगणात उंच काठीच्या टोकाला सफरचंद बांधलेलं. नवऱ्यामुलाने ते बंदुकीने उडवल्याशिवाय मुलगी द्यायची नाही, अशी रीत. तो बिचारा सारखा चुकत होता. माणसं हसून टिंगल करत होती, बँड कान फाडत होता, आणि प्रत्येक चुकलेल्या गोळीला देसिमिरच्या हातात नवा पेला येत होता.

मी ड्रोन खाली उतरवून बॅटरी बदलली. तेवढ्यात वधूच्या आईने आतून हाक मारली, "शूटिंगवाले, या लवकर, पोरगी जिना उतरतेय!" मी रिमोट पेटीवर ठेवला आणि कॅमेरा घेऊन आत धावलो.

जिन्यावर असतानाच गोळीचा आवाज आला, मग जल्लोष. आणि मग तो जल्लोष एकदम चिरफाळला.

फुटणारं सफरचंद जवळून टिपायला देसिमिरने ड्रोन उडवला होता. बार उडताच तो दचकला आणि ड्रोन तिरका होऊन थेट बँडमध्ये घुसला. ट्रंपेट वाजवणाऱ्या ओब्रेनचा वरचा ओठ पात्याने चिरला होता. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त ठिबकत होतं. त्याचा ढोलवाला भाऊ देसिमिरची कॉलर धरून ओरडत होता, "त्याचं तोंड म्हणजे आमच्या दोन घरांची चूल आहे रे, कुत्र्या!" मी मध्ये पडलो तेव्हा मलाही दोन बसल्या. आम्हाला वाचवायला कुणी पुढे आलं नाही. नवऱ्यामुलाने अजून तापलेल्या बंदुकीने आम्हाला फाटक दाखवलं.

सोमवारी स्टामेंका आमच्या स्टुडिओत आली. देसिमिरकडे तिने पाहिलंही नाही.

"गोयको, मी तुला विचारतेय. परवाना तुझा. ड्रोन तूच उडवत होतास ना?"

त्या 'ना'वर ती जरा जास्तच थांबली. मी 'हो' म्हणावं आणि कंपनीने पैसे द्यावेत, हे तिच्या मनात होतं. मला कळायला वेळ लागला, पण कळलं. मी तोंड उघडलं.

"मी उडवत होतो," कोपऱ्यातून देसिमिर म्हणाला. "प्यायलेलोही होतो. लिही. झालं ना काळीज थंड?"

स्टामेंकाचा चेहरा पांढराफटक झाला. तिने पेन पर्समध्ये टाकलं आणि ती निघाली. मी मागे धावलो, तर जिन्यात वळून ती माझ्यावरच तुटून पडली.

"त्याला कुणी विचारलं होतं? मी तुला विचारलं होतं! अख्खा संसारभर माझ्याशी खोटं बोलला हा गाढव. आणि आज, नेमका आज, माझ्याच तोंडावर खरं फेकायचं होतं?"

कंपनीने काही दिलं नाही. ओब्रेनला भरपाई द्यायला देसिमिरने आपल्या वाट्याचे चांगले कॅमेरे विकले. तेवढ्याने भागेना म्हणून बापाचा रासबेरीचा मळाही विकला. ओब्रेनचा ओठ शिवला गेला, जखम भरली, पण ट्रंपेट पूर्वीसारखं वाजेना. देसिमिर आता फळांच्या शीतगृहात पेट्या उचलतो. मी त्याला एकदा हाक मारली, तर म्हणाला, "तू तोंड उघडायला उशीर केलास म्हणून मी बोललो असं समजू नकोस. तिच्या भिकेवर मला सुटायचं नव्हतं."

मी आता एकटाच लग्नांचं शूटिंग करतो. ओब्रेनच्या भावाचा बँड जिथे असेल तिथे मात्र जात नाही. त्याने तशी तंबीच दिली आहे.