नोंदीत नसलेला होकार

अब्रेनिकांनी अंगठा जिभेला लावून पान उलटलं, मग आणखी एक, आणि चारशे बाराव्या पानावर भिंग ठेवलं. निळ्या कापडी बांधणीचा तो चौथा खंड होता. पाठीवर सोनेरी अक्षरं होती : 'सिनेटर ग्रासियानो अब्रेनिका : राष्ट्रीय धोरणावरील चर्चांतील सहभाग'. असे पाच खंड त्यांच्या लेकीने छापून घेतले होते. घरी येणारा प्रत्येक जण जाताना एखादा घेऊनच जाई.

"हेच ना, मास्तरीणबाई?"

"हेच, अपो." खोऱ्यात वडीलधाऱ्यांना अपोच म्हणत.

एमेरिता पग्गाव खुर्चीच्या कडेवर बसली होती. डोंगरातल्या बिनालुग गावाहून मनिलापर्यंत बसने अकरा तास लागले होते. चपला दाराबाहेर काढल्यामुळे सुजलेली पावलं उघडी पडली होती, ती तिने हळूच खुर्चीखाली ओढून घेतली.

"तुम्हीच वाचा. मला अक्षरं भिंगाखाली मुंग्यांसारखी चालताना दिसतात. आणि या देशात सिनेटरची भाषणं वाचणारं कोणी असेल तर ती वाळवी. माणूस वाचतोय हे ऐकायला तरी मिळेल."

तिला पुस्तकाची गरज नव्हती. तरी तिने बोट ओळीवर ठेवून वाचलं, मुलांना शिकवताना ठेवत असे तसं.

"'सिनेटर विलारुझ : धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांना आधी नवी घरं मिळतील आणि त्यानंतरच धरणाचे दरवाजे बंद होतील, असं विधेयक मांडणारे सन्माननीय सदस्य या सभागृहाला सांगू शकतील का?'" ती थांबली. "त्याच्या खाली लगेच, 'सिनेटर विलारुझ : आभारी आहे. माझे प्रश्न संपले.'"

"आणि मधे माझं उत्तर?"

"मधे काहीच नाही, अपो. तेवढ्यासाठीच आले."

म्हाताऱ्याने भिंग उचललं, फडक्याने पुसलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

मोलकरणीने आल्याचा गरम काढा आणि केळीच्या पानावर तांदळाची गोड बिबिंका आणून ठेवली. तिच्या मागून त्यांची लेक लिओनोरा आली. बापाच्या जागी आता तीच निवडून आली होती. ती वकीलही होती. एमेरिता उठायला लागली, तशी तिने हाताने बसायची खूण केली.

"बसा बसा, बाई. तुम्ही आणलेली कॉफी मी भाजायला सांगितली आहे. घरभर वास सुटलाय. तुमच्या वकिलांचा कागद कुठे आहे, बघू?"

कागद एका पानाचाच होता. खाली सहीसाठी रेघ. लिओनोराने तो उभ्यानेच वाचला.

"'सिनेटर विलारुझ यांच्या प्रश्नाला मी सभागृहात होकार दिला होता.'" तिने कागद खाली ठेवला. "पापा, हे तुम्ही बोलला होतात?"

"नाही."

"मग सही कशी करणार? खोटं शपथपत्र होईल."

"त्यांनी भुवया उंचावल्या होत्या, मॅडम," एमेरिता म्हणाली. "आम्ही वर सज्जात होतो. चाळीस जण. टाळ्या वाजवायच्या नाहीत म्हणून रखवालदाराने आधीच दम दिला होता. अपोंनी वर बघितलं, आमच्याकडे, आणि भुवया उंचावल्या. विलारुझसाहेबांनीही बघितलं. म्हणून तर ते आभार मानून खाली बसले. आपल्यात याचा अर्थ 'हो' असा होतो, ते शेंबड्या पोरालाही कळतं."

"पोराला कळतं, लघुलेखकाला कळून चालत नाही. कानावर पडेल तेवढंच तो लिहितो," लिओनोरा म्हणाली. आवाजात चीड नव्हती. "अध्यक्षांनी नोंद घ्यायला सांगितली असती तर गोष्ट वेगळी."

"कोणीच सांगितलं नाही. आम्ही तर वर बसलेलो."

तेवढ्यात लिओनोराचा फोन वाजला आणि ती व्हरांड्यात गेली.

एमेरिताने काढ्याचा घोट घेतला. सांगण्यासारखं तिने सगळं पत्रात लिहिलं होतं, तरी ती पुन्हा सांगू लागली. चार महिने गावाने धरणाचा रस्ता ओंडके टाकून अडवला होता. बायका पाळ्या लावून ओंडक्यांवर बसत. पोलीस दोनदा येऊन परत गेले होते. त्या दिवशी मनिलाहून परतल्यावर तिनेच सगळ्यांना सांगितलं, अपो हो म्हणाले, आधी घरं, मग पाणी. दुसऱ्या दिवशी ओंडके उचलले. ट्रक आत गेले. या गोष्टीला सहा वर्षं झाली. डोंगरावर बारा घरांचे पाये घातले, त्यात आता बकऱ्या बांधतात. कायद्यात 'योग्य पुनर्वसन' एवढंच आहे, कधी ते नाही. गाव कोर्टात गेलं, तेव्हा सभागृहाच्या मनात काय होतं ते पाहायला न्यायाधीशांनी चर्चेची नोंद मागवली आहे. गुरुवारी सुनावणी. पुढच्या एक तारखेला दरवाजे बंद.

"विलारुझसाहेब वारले," ती म्हणाली. "आता सांगणारे तुम्हीच उरलात."

अब्रेनिका बिबिंकेचा तुकडा मोडत होते, पण तोंडात घालत नव्हते. तुकड्याचे आणखी तुकडे झाले.

"खाली मधल्या टेबलाशी लघुलेखिका बसायची," ते म्हणाले. "एल्पिदिया. फार हुशार बाई. लिहिताना मान म्हणून वर करायची नाही. दर दहा मिनिटांनी दुसरी येऊन तिची जागा घ्यायची, तीही तशीच. नवीन निवडून आलेली पोरं माझ्याकडे शिकायला यायची. मी त्यांना पहिला धडा हाच द्यायचो. जे पाळायचं आहे ते बोला. जे पाळता येईल की नाही ठाऊक नाही, ते चेहऱ्याने सांगा."

एमेरिताने कप बशीत ठेवला. तो नीट बसला नाही. तिने पुन्हा ठेवला.

"मला ठाऊक होतं तुम्ही वर बसला आहात. सगळ्यांचे लाल-काळे विणलेले कपडे. सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं ना तुम्ही?"

"नाही."

"तुम्हाला दिसावं म्हणून भुवया उंचावल्या. आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड उघडलं नाही."

बाहेर लिओनोरा कोणाला तरी हसत हसत म्हणत होती, अहो, तुम्ही नुसते या हो, जेवूनच जा.

"मी तेहतीस वर्षं पहिलीला शिकवते," एमेरिता म्हणाली. "पोरं विचारलेल्या प्रश्नाला नुसत्या भुवया हलवतात. मी म्हणते, मला भुवया नकोत, तोंड उघड, हो तर हो म्हण. रोज म्हणते. एकही पोर मी तसं सोडलेलं नाही."

म्हाताऱ्याने बोटांवरचा चुरा झटकला.

"तुम्हाला सोडलं. आपल्या खोऱ्यातला माणूस म्हणून."

"माझ्यावर ओरडा, बाई. मला चालेल."

"ओरडून काय करू, अपो? हेच लिहून द्या. आत्ता मला सांगितलंत ते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन उठले, टेबलाशी गेले, खण उघडला. पेन दोनदा झटकावं लागलं. ते सावकाश लिहीत होते, नाक कागदाला टेकेल इतकं वाकून. एक ओळ झाली की थांबून ओठातल्या ओठात वाचत. एमेरिता उभी राहून बघत होती. अक्षर थरथरत होतं, पण सुटं आणि वाचता येण्यासारखं होतं. कुठेही खाडाखोड नव्हती. एल्पिदियाचं नावही त्यांनी गाळलं नाही. सही करून तारीख घातली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बरेच दिवस ताप असलेल्या माणसाला घाम फुटल्यावर येते तशी सुटका होती.

"आयुष्यात पहिल्यांदा सगळं लिहिलं बघा," ते म्हणाले.

लिओनोरा आत आली. "पापा, काय चाललंय?"

"दुरुस्ती. चारशे बाराव्या पानाची."

तिने कागद उचलला. एमेरिताने हात पुढे केला आणि मागे घेतला. आता ही तो फाडणार, असं तिला वाटलं. लिओनोरा वाचत गेली. एकदा वरपासून खालपर्यंत, मग मधल्याच दोन ओळी पुन्हा. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"चालेल," ती म्हणाली. "हे अगदी चालेल. थांबा, बाई, मी छायाप्रत काढून ठेवते, मूळ तुम्ही न्या. कागद दुमडू नका हं. जाड पाकीट देते." दाराशी पोहोचल्यावर ती वळली. "एवढं स्पष्ट तुमच्या वकिलांनाही लिहिता आलं नसतं. सभागृहाला कसलंच वचन द्यायचं नव्हतं, हे पापांच्याच अक्षरात आलं. प्रश्नच मिटला."

ती हे अगदी आपुलकीने म्हणाली.

अब्रेनिकांनी लेकीकडे पाहिलं, मग एमेरिताकडे. त्यांचं तोंड अर्धवट उघडलं होतं.

"मी खरं तेच लिहिलं," ते म्हणाले.

"हो, अपो. खरंच आहे ते."

जाताना तिला पाकीट मिळालं आणि चौथा खंडही. खंड जड होता. मोलकरणीने फाटक लावून घेतलं, तशी ती रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. भावाचा फोन सकाळपासून पाच वेळा येऊन गेला होता. तिने लावला. पहिल्या घंटीलाच त्याने उचलला.

"सही केली का?"

"केली."

"मग? म्हणजे जमलं?" त्याच्यामागे चारसहा माणसांचे आवाज होते, ते एकदम बंद झाले. "अगं बोल ना."

"डिंगवाय, उद्या उजाडलं की खणायला घ्या."

बिनालुगमध्ये माणूस गेला की त्याला घराच्या अंगणातच पुरतात. घर हलवायचं तर त्याची हाडं काढून त्यालाही हलवायचं, आणि नवी चूल पेटल्याशिवाय त्याला हलवायचं नाही. सहा वर्षं सगळे त्यासाठीच थांबले होते.

"चूल कुठे आहे तिकडे?" डिंगवायने विचारलं. "नेऊन ठेवायचं कुठे?"

"शाळेत. डोंगराकडच्या वर्गात, तिथवर पाणी येणार नाही. बाकं बाजूला करा."

"कुणापासून सुरू करू?"

"आईपासून. ती सगळ्यात खाली आहे, नदीकडे."

पलीकडे कोणीतरी काहीतरी विचारलं. डिंगवायने फोनवर हात ठेवला असावा. मग त्याचा आवाज पुन्हा जवळ आला.

"ताई, गुंडाळायला चादरी किती लागतील?"

एमेरिताने खंड मांडीवरून उतरवून पायरीवर ठेवला आणि वरच्या आळीपासून एकेक घराचं नाव घ्यायला सुरुवात केली.